माझे केस आणि रेजिनाचं लग्न

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो माझ्या केसांपासून. आय, म्हणजे माझी आई, हॉस्पिटलमधून नाइट ड्यूटी करून यायची, पांढरे बूट दाराशी काढायची आणि चहाचा घोटही न घेता हाक मारायची, "फिलू गो, फणी आण." मग ती पलंगाच्या काठावर आणि मी खाली लादीवर, तिच्या गुडघ्यांत मान अडकवून. वसईहून कुणी ना कुणी आणून दिलेल्या खोबरेल तेलाचा डबा शेजारी असायचा. ती तळवाभर तेल टाळूवर थापायची आणि फणी ओढायला लागायची. फणी दोन बोटं पुढे जायची आणि अडायची. आय जोर लावायची. कधी माझी किंकाळी निघायची, कधी फणीचा दात टक्कन तुटायचा. खाली गल्लीत इराण्याच्या भट्टीवर रोट्या थापल्याचा आवाज चालू असायचा आणि पप्पा ती गरम रोटी, खुबुज, कागदात गुंडाळून जिना चढत यायचे. त्या वासाने तोंडाला पाणी सुटायचं, पण डोळ्यांना ते आधीच सुटलेलं असायचं. शेवटी आय माझ्या दोन वेण्या घालायची. वेण्या कसल्या, शेंडीसारखे दोन ताठ दांडे. त्यांना शाळेची रिबन बांधून ती मला वळवून बघायची आणि दर वेळी तिचा चेहरा थोडा पडायचा. ते बघायला लागू नये म्हणून मी आधीच खाली बघायला शिकले होते.

माझी मोठी बहीण रेजिना तेवढ्या वेळात आरशासमोर उभं राहून आपले केस विंचरून मोकळी व्हायची. तिचे केस आयसारखे, सरळ, काळेभोर, पाठीवरून सळसळत खाली येणारे. चर्चमध्ये बायका तिच्या केसांना हात लावून बघायच्या. मग माझ्याकडे वळायच्या आणि आय त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकायची, "हिला लहानपणी टायफॉईड झाला होता ना, तेव्हापासून केस असे झाले." बायका च्‌ च्‌ करायच्या. मी तेरा वर्षांची होईपर्यंत मला खरंच वाटत होतं की मी एका आजारातून उठलेली आहे आणि तो आजार अजून माझ्या डोक्यावर बसलेला आहे. शाळेत पोरं मला 'काथ्या' म्हणायची. शाळा इंग्रजी, मुलं भारताच्या चारी कोपऱ्यांतली, पण नारळाचा काथ्या सगळ्यांना ठाऊक. घरी मी काही सांगत नसे. आयला आम्ही घरात आय म्हणायचो आणि बाहेर चारचौघांत मम्मी, आणि मम्मी ही बाई मला आयपेक्षा थोडी परकी वाटायची.

आमचं घर बहारीनला, नईम मोहल्ल्यात, गाद्या भरणाऱ्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. पप्पा एका हॉटेलात केक-बिस्किटं करायचे आणि कडा मोडलेले तुकडे डब्यातून घरी आणायचे. त्यांच्या शर्टाला कायम व्हॅनिलाचा वास. फार बोलायचे नाहीत. शुक्रवारी सुट्टी असली की साफी नावाचे तिथले मासे आणून स्वतः साफ करायचे आणि आय त्यांना बाटली मसाला चोपडून तळायची. एसी घरघरत असायचा, मशिदीतून बांग यायची आणि रेजिना रेडिओचा काटा इकडून तिकडे फिरवत बसायची. सुखाचंच घर होतं ते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणी आयला वाईट ठरवील. आता माझी साठी उलटून गेली आहे. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ बायका बघितल्या आणि आपल्या मुलीचं रूप लोकांच्या नजरेने बघणारी आय एकटीच नव्हती.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक जुनं बैठं घर होतं. तिथे उम्म जुमा राहायची. जुमाची आई म्हणून उम्म जुमा. काळीकभिन्न, उंच, हसली की सगळं अंगण हलायचं. ती बहारीनचीच, तिची आईही तिथलीच, पण त्याआधीचे तिचे लोक समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेले. लग्नाच्या घरी बायकांच्या ताफ्यात ढोल वाजवून गायची. जुन्या बहारिनी लोकांसारखं तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. मी जिन्यावर दिसले की ती माझ्या वेण्यांकडे बघून कपाळाला हात लावायची. "ये कौन बनाया? मम्मी? मफी जैन, मफी जैन." चांगलं नाही, चांगलं नाही. तिची स्वतःची मुलगी मात्र केस टेबलावर पसरून त्यांच्यावर कपड्यांची इस्त्री फिरवायची आणि उम्म जुमा तिला आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येतील अशा शिव्या घालायची. आय खिडकी लावून घ्यायची. "त्यांच्यात मिसळू नको गो," एवढंच म्हणायची. का, ते नाही.

रेजिनाला स्थळ आलं ते विल्सनचं. मुलगा आपल्याच वसईचा, अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात कामाला. शुक्रवारच्या मिस्सानंतर, प्रार्थना संपल्यावर, दोघं चर्चच्या आवारात बोलताना मी पाहिलं होतं. रेजिना त्याच्यासमोर वेणी पुढे घ्यायची, मागे टाकायची, आणि तो बिचारा भट्टीच्या धगीने लाल झालेले कान आणखी लाल करून उभा असायचा. त्याचे आईवडील गावी, म्हणून त्याला घेऊन त्याची सिसिलमावशी बघायला येणार होती. ती बहारीनमध्येच राहायची, नवरा कुठल्याशा ऑफिसात मोठा. त्या शुक्रवारी आय पहाटेपासून मैद्याच्या गोल फुग्या तळत होती. पलंगपोस बदलला, एसीवर क्रोशाचा रुमाल घातला. मी माझा निळा फ्रॉक काढून ठेवला होता. तो घालायला गेले तर आय मागे येऊन उभी राहिली.

"फिलू, तू आज खाली उम्म जुमाकडे जाऊन बस."

मला कळेना. "तूच तर म्हणतेस तिकडे जाऊ नको."

"आज जा. पाहुणे गेले की बोलावते."

"पण का?"

आयने माझ्या हातातला फ्रॉक काढून घेतला. रेजिना आरशातून आमच्याकडे बघत होती. ती इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, राहू दे ना तिला," पण हळू, आणि एकदाच. आयने माझ्या हातात फुग्यांची थाळी दिली, उम्म जुमासाठी म्हणून, आणि दार लावलं. जिना उतरता उतरता माझ्या ध्यानात आलं. मी आरशात स्वतःला नको असायचे, ते मला माहीत होतं. घरातही नको असू शकते, हे त्या जिन्यावर पहिल्यांदा कळलं.

उम्म जुमाने माझं रडणं बघितलं, फुग्या बघितल्या, वरून येणारे पाहुण्यांचे आवाज ऐकले. मला अंगणात स्टुलावर बसवलं आणि माझ्या रिबनी सोडल्या. "बैठो. यल्ला." तिने डोक्यावर पाणी ओतलं. मी दचकले, कारण माझ्या केसांना पाणी म्हणजे वैरी अशी आमच्या घरची समजूत होती. ओले केस फुलतात, म्हणून ते आठवड्यातून एकदाच भिजायचे. उम्म जुमाने ते चांगले भिजवले, बोटांनीच गुंता सोडवला, टोकाकडून वर, घाईगर्दी न करता, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मग रुंद दातांच्या लाकडी फणीने भांग पाडून डोक्याला लागून बारीक वेण्या घालायला घेतल्या, शेतात सऱ्या पाडाव्यात तशा. दुखत नव्हतं असं नाही, पण ते वेगळं दुखणं होतं. त्यात कुणाचा राग नव्हता. सगळं झाल्यावर तिने कुंडीतल्या मशमूमच्या काड्या तोडल्या. तुळशीच्याच जातीचं ते झाड, बहारीनच्या बायका केसांत माळतात. त्या तिने वेण्यांत खोवल्या आणि पितळी तबक तोंडासमोर धरलं. तबकात एक मुलगी दिसली. तिला कपाळ होतं, कान होते, मान होती. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात पप्पा आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा घामाने डबडबलेला. म्हणाले, "चल वर. मला दोन मुली आहेत असं मी त्यांना सांगितलंय." मग त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.  उम्म जुमा म्हणाली, "शूफ, बाबा, हलू ना?" बघ, छान आहे ना? पप्पांनी मान हलवली. जिना चढताना त्यांनी माझा हात धरला होता. मी लहान असतानाही ते असा हात धरत नसत.

खोलीत आम्ही शिरलो तेव्हा सिसिलमावशी फुगीचा तुकडा मोडत होती. तो तुकडा तिने बशीत ठेवला.

"ही पण तुमचीच?"

"धाकटी," आय म्हणाली. "तिला लहानपणी टायफॉईड..."

"टायफॉईडने केस गळतात," सिसिलमावशी म्हणाली. "असे उगवत नाहीत. कुणावर गेली ही?"

आयने पप्पांकडे बघितलं. ते बघणं विनवणीचं होतं. पप्पा म्हणाले, "माझ्यावर. माझ्या आजीवर."

"आजी कुठली तुमची?"

"काप्रीण होती, आफ्रिकेतली. इंग्रजांनी समुद्रात एक गलबत पकडलं, त्यात विकायला नेत असलेली पोरं होती. त्यांतली ती एक. मुंबईला सिस्टरांनी वाढवली, इझाबेल नाव ठेवलं, आणि वसईच्या माझ्या आजोबांशी लग्न लावून दिलं. आधीचं नाव तिला सांगता येत नसे. समुद्रात पडलं म्हणायची."

पप्पा दर पंधरवड्याला पठाणाच्या सलूनमध्ये जाऊन डोक्याला मशीन फिरवून यायचे. उकडतं म्हणून, असं आम्ही समजत होतो. त्या क्षणी मला त्यांच्या डोक्याचे ते काळे खुंट दिसले आणि ते वाढले असते तर कसे वाढले असते, हेही दिसलं. रेजिना सरबताचा ट्रे घेऊन दाराशीच थांबली. तिलाही हे नवीन होतं. आणि आयचा चेहरा पाहून मला कळलं की तिलाही हे असं, उघड शब्दांत, कुणी कधी सांगितलं नव्हतं. विल्सन जमिनीकडे बघत होता. सिसिलमावशीने हात पुसले, हवेबद्दल दोन शब्द बोलली, आणि ते लोक उठले. पप्पांनी त्यांना खाली मोटारीपर्यंत पोचवलं. ते परत आले तेव्हा आय पलंगावर बसली होती.

"तुम्ही मला लग्नाआधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

पप्पा म्हणाले, "सांगितलं असतं तर?"

 आयचं उत्तर ऐकायला आम्ही सगळेच उभे होतो आणि ते येत नव्हतं. मग पप्पा चपला घालून बाहेर गेले. आयने उठून माझ्या वेण्या एकेक करून सोडल्या. मशमूमच्या काड्या तिने खिडकीतून टाकल्या.

पुढच्या शुक्रवारी चर्चच्या आवारात सिसिलमावशीने आयला बाजूला घेतलं. मी जवळच होते, पण माझ्यासमोर बोलायला तिला संकोच वाटला नाही. विल्सन हट्टाला पेटला होता, त्याला रेजिनाच हवी होती. त्याला लीव्ह मिळत नव्हती, म्हणून लग्न इथेच करायचं. "पण फोटो गावी जाणार," सिसिलमावशी म्हणाली. "माझी बहीण ते दाराशी घेऊन बसेल आणि अख्ख्या आळीला दाखवील. आजीचं आमच्यापाशी राहील, आम्ही कुणाला सांगणार नाही. पण या पोरीचं डोकंच सगळं सांगतं. हल्ली औषधं मिळतात, लावा काहीतरी." आय "हो, हो" म्हणत राहिली. रेजिना दूर उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिने त्या आठवड्यात माझ्याशी एक शब्दही काढला नव्हता, आणि आता तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिचा रागही आला नाही. मीच आयला घरी जाता जाता म्हटलं, "लाव मला औषध."

आयने बाजारातून डबा आणला. डब्यावर एका काळ्या बाईचं चित्र, केस रेजिनासारखे. आय नर्स होती, तिने सूचना दोनदा वाचल्या, हातमोजे घातले, माझ्या कपाळाला व्हॅसलीन लावलं. मलम पांढरं, थंड, वास असा की नाकाचे केस जळावेत. आधी बरं वाटलं. मग खाज सुटली. मग टाळूवर कुणी निखारे पसरतंय असं झालं. रोजच्या फणीने डोक्याला बारीक ओरखडे होते, त्यांतून ते आत जात असणार. मी सांगितलं, "आय, भाजतंय." ती म्हणाली, "थोडं सोस. अजून वेळ आहे. सरळ व्हायला लागलेत बघ." तिच्या आवाजात आनंद होता. तो आनंद मोडवेना म्हणून मी सोसलं. शेवटी मी किंचाळले तेव्हा तिने मला ओढत मोरीत नेलं आणि नळ सोडला. ऐन उन्हाळा होता. आमची पाण्याची टाकी गच्चीवर. दुपारी आमच्या नळाला गार पाणी नसायचंच, चहाला आधण ठेवल्यासारखं यायचं. ते पाणी माझ्या डोक्यावर पडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. रेजिना फ्रिजमधल्या बाटल्या आणून माझ्या डोक्यावर रिकाम्या करत होती आणि मोठमोठ्याने रडत होती. आयच्या हातात केसांचे पुंजके येत होते, खरोखरच सरळ झालेले, लांब, ओले केस. ती त्यांच्याकडे बघत होती आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं तर आय म्हणाली, "बाटली होती, चुकून सांडली." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेले केस काढायला सांगितले. पप्पा हॉटेलातून तसेच पिठाच्या हातांनी आले. माझं तासलेलं, फोडांनी भरलेलं डोकं बघून ते भिंतीला टेकून खाली बसले. आयला ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं ती मला फार पुढे, म्हातारपणी, एकदा म्हणाली.

ड्रेसिंग आयने घरीच करायचं ठरवलं. सकाळी ड्यूटीवरून आली की आता ती फणी मागत नसे. गरम पाणी उकळून गार करायची, कापसाने एकेक जखम पुसायची, मलम लावायची, वर जाळीचं कापड. त्याच पलंगाच्या काठावर, त्याच गुडघ्यांत माझी मान. पण हात वेगळे होते. ते हात हॉस्पिटलातल्या अनोळखी माणसांना मिळत असणार. मला ते पहिल्यांदा मिळत होते. ती फुंकर घालायची, "दुखतंय का गो?" विचारायची, आणि मी नाही म्हटलं तरी थांबायची. एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई दारात आल्या, माझं डोकं बघून म्हणाल्या, "अगंबाई, परत टायफॉईड?" आय कापूस बुडवत होती. म्हणाली, "नाही. मी लावलेल्या औषधाने भाजलं." त्या बाई गेल्यावर ती पुन्हा कामाला लागली. माझ्या मानेवर पाण्याचा थेंब पडला, तो कापसातला नव्हता. उम्म जुमा मला त्या काळात एकदाच जिन्यात भेटली. डोक्याला हात लावायला तिने हात उचलला आणि मागे घेतला. "बाल आएगा," म्हणाली. "इंशाल्ला, आएगा." मग वर आमच्या दाराकडे बघून तिने काहीतरी अरबीत म्हटलं. मला ते कळलं नाही, पण ती शिवी नव्हती, एवढं आवाजावरून कळलं.

आता इतक्या वर्षांनी, परवाच, आमच्या शेजारची कॉलेजमधली मुलगी पार्लरमध्ये जाऊन केस कुरळे करून आली आणि मला दाखवायला दारात उभी राहिली. "आन्टी, अगदी तुमच्यासारखे," म्हणाली. मी तिला छान म्हटलं. छानच दिसत होती. पण दार लावल्यावर मला बराच वेळ खुर्चीतून उठता आलं नाही.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. माझ्या जखमा तोवर भरल्या होत्या, पण कानावरचा एक भाग गुळगुळीत राहिला होता आणि बाकी डोक्यावर बारीक खुंट. आयने माझ्या फ्रॉकच्या कापडाचाच रुमाल शिवून डोक्याला बांधला होता. रेजिना पांढऱ्या झग्यात इतकी सुंदर दिसत होती की मिस्सा चालू असताना मी तिच्याकडेच बघत होते. तिने माझा हात दाबला होता, वेदीकडे जाताना. मग आम्ही बाहेर आलो. केरळी फोटोग्राफरने पायऱ्यांवर खुर्च्या मांडल्या, घरच्यांना बोलावलं. सिसिलमावशी रेजिनाच्या कानाशी लागली. रेजिनाने एकदा विल्सनकडे बघितलं. तो कोटावरचं फूल नीट करत होता. मग ती माझ्याजवळ आली, झगा दोन्ही हातांनी उचलून.

"फिलू, तू जरा आत बसतेस? हा एकच फोटो, गावी पाठवायचा. मग आपण दोघींचा वेगळा काढू. प्रॉमिस."

ती गोड बोलत होती. मला तिचं म्हणणं पटलंसुद्धा. मी तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पटवून घ्यायला इतकी सरावले होते की पाय आपोआप वळले. तेवढ्यात कुणी माझं मनगट धरलं.

"कुठे चाललीस?" आय.

"आत. रेजिनाने सांगितलं."

आयने रेजिनाकडे बघितलं. रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मम्मी, प्लीज. आजचा एक दिवस. तूच तर त्या दिवशी..."

"हो," आय म्हणाली. "मीच." तिने रेजिनाच्या कपाळावरची पांढरी जाळी नीट केली, गालाला हात लावला. "तू काढून घे तुझा फोटो, बाय. आम्ही दोघी आत बसतो."

"तू कशाला? मम्मी, लोक काय म्हणतील? आई नाही फोटोत?"

"ती नाही तर मी नाही."

पप्पा खुर्चीतून उठायला लागले. आयने त्यांना हातानेच थांबवलं. "तुम्ही राहा," म्हणाली. "पोरीला आज एकटं पाडू नका." पप्पा परत बसले. सिसिलमावशी काहीतरी बोलत होती, पण आय तिच्याकडे वळलीच नाही.

तो फोटो कॅनडात रेजिनाच्या दिवाणखान्यात आहे. विल्सन चांगला निघाला, तिने संसार सुखाचा केला, आणि आम्हा दोघींचा वेगळा फोटो काढायचा त्या गर्दीत राहून गेला. आम्ही बहिणी फोनवर सगळं बोलतो. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. तिचे नातेवाईक फोटो बघून विचारतात, आई कुठे? ती सांगते, मम्मीला उन्हाने चक्कर आली होती.

चर्च आतून रिकामं झालं होतं. पंखे फिरत होते, बाकांना बांधलेली फुलं सुकायला लागली होती. आय शेवटच्या बाकावर बसली, नव्या चपलांनी पाय चावले होते म्हणून तिने चपला काढल्या. तिची मोरपंखी साडी घामाने पाठीला चिकटली होती. बाहेर फोटोग्राफर "स्माइल, स्माइल" ओरडत होता.  तिने माफी मागितली नाही. ती माणसं तशी नव्हती आणि ते दिवसही. मग तिने माझ्या रुमालाची गाठ सोडली.

"किती उकडत असेल तुला," म्हणाली. "कशाला बांधला मी हा?"

रुमाल तिने मांडीवर ठेवला. माझ्या उघड्या डोक्यावर तळवा ठेवला आणि हळूच फिरवला, कपाळाकडून मानेकडे, गुळगुळीत भागापाशी थोडं थांबून पुढे.

"उगवतायत," ती म्हणाली.

"तसेच येणार, आय."

"येऊ देत," ती म्हणाली आणि हात तिथेच राहू दिला.